किल्ली कोणाकडे? : इंटरनेटवरच्या समूहांचा एक इतिहास

आपल्याकडे दहा माणसे एकत्र येऊन वाचनालय, व्यायामशाळा किंवा नाट्यमंडळ काढतात, तेव्हा पहिल्या दोन-तीन बैठका घटना लिहिण्यात जातात. वर्गणी किती, सभासद कोणाला करून घ्यायचे, काढायचे झाल्यास कसे, गणसंख्या किती, कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे की चिटणिसांकडे, हे सारे कागदावर येते. पुढच्या सभेत मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते. या सोपस्कारांची थट्टा पुष्कळ झाली आहे. पण मंडळात फूट पडते तेव्हा तोच जुना कागद शोधला जातो, हेही तितकेच खरे.

इंटरनेटचा इतिहास मात्र आपण यंत्रांचा इतिहास म्हणून वाचतो. कोणते जाळे कधी सुरू झाले, वेग किती वाढला, कोणत्या कंपनीने कोणती कंपनी विकत घेतली. या यंत्रांवर जमलेल्या माणसांनी आपापसांत कोणते नियम केले, कोणाला बाहेर काढले, कोणाचे ऐकले, याचा वेगळा इतिहास आहे. गेली काही वर्षे मी तो हाती लागेल तसा वाचत आलो आहे. त्यातली चार-पाच प्रकरणे येथे मांडतो. प्रत्येक प्रकरणात प्रश्न एकच आहे : किल्ली कोणाकडे होती, आणि ती त्याच्याकडे का, हे विचारण्याची सोय होती का?

यंत्रांचे जाळे, माणसांचा वापर

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकाशी अर्पानेट या जाळ्यावर पहिला संपर्क झाला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या जाळ्याचा उघड हेतू काटकसरीचा होता. संगणक महाग होते. एका विद्यापीठाचे यंत्र दुसऱ्याला वापरता यावे, एवढीच अपेक्षा. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाला निरोप पाठवण्याची सोय केली आणि पत्त्यासाठी '@' हे चिन्ह निवडले. दोनच वर्षांत जाळ्यावरच्या वाहतुकीपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाहतूक या निरोपांची असल्याचे आढळले. गणिते सोडवण्यासाठी बांधलेल्या रस्त्यावरून गप्पा वाहू लागल्या होत्या.

हे सगळ्यांनाच अनपेक्षित होते असे नाही. जे. सी. आर. लिकलायडर आणि रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्येच एका लेखात लिहून ठेवले होते की, पुढे माणसांचे समूह एका ठिकाणी राहण्यामुळे न बनता समान आवडीमुळे बनतील. तो समूह चालवायचा कसा, याविषयी मात्र त्यांच्यापाशी विशेष काही नव्हते. ते पुढच्यांना करून पाहावे लागले.

बर्कलेतले ध्वनिमुद्रिकांचे दुकान

ऑगस्ट १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावी, लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानाच्या दाराशी एक टेलीटाइप यंत्र ठेवण्यात आले. खडखडाट फार म्हणून ते एका खोक्यात बसवले होते आणि टंकलेखनासाठी हात घालायला खोक्याला भोके ठेवली होती. टेलिफोनच्या तारेने ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मोठ्या संगणकाला जोडलेले होते. सेकंदाला दहा अक्षरे एवढाच वेग. 'कम्युनिटी मेमरी' असे या प्रयोगाचे नाव. ली फेल्सनस्टाइन, एफ्रेम लिपकिन, मार्क श्पाकोव्स्की, ज्यूड मिल्हन ही त्यामागची काही माणसे. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीचे वारे अंगावर घेतलेली ही पिढी होती. संगणक म्हणजे सरकार आणि बड्या कंपन्यांचे हत्यार, अशी त्या काळातली सर्वसाधारण समजूत. तिला त्यांना उत्तर द्यायचे होते.

वापर सोपा होता. 'ॲड' म्हटले की आपला मजकूर भरायचा, 'फाइंड' म्हटले की दुसऱ्यांचा शोधायचा. लोक खोली भाड्याने देणे, गाडीतली जागा वाटून घेणे अशा जाहिराती टाकतील, असा चालकांचा अंदाज होता. तशा आल्याच, आणि त्याच दुकानात जाहिराती चिकटवणारे वादकही इकडे वळले. पण 'या भागात चांगले बेगल पाव कुठे मिळतात' असे कोणी विचारले, तेव्हा दुकानांच्या नावांबरोबरच, पाव घरी करायला शिकवणाऱ्या बेकरीवाल्याचा पत्ताही आला. 'बेनवे' हे टोपणनाव घेतलेला कोणी एक जण तऱ्हेवाईक मजकूर टाकू लागला, आणि त्याला उत्तर देणारेही निघाले. जाहिरातीचा फळा संभाषणाची जागा झाला.

या प्रयोगातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. यंत्राशेजारी एक माणूस बसवलेला असे. येणाऱ्याला बोलावणे, कसे वापरायचे ते दाखवणे हे त्याचे काम. म्हणजे या समूहाला दार होते आणि दाराशी यजमान होता. पुढे ऐंशीच्या दशकात हा प्रयोग पुन्हा उभा राहिला तेव्हा नाणे टाकून चालणारी यंत्रे आली : वाचणे फुकट, आपले मत जोडायला पाव डॉलर, नवा विषय काढायला एक डॉलर. बोलण्याला लहानशी किंमत ठेवली की बोलणारा क्षणभर थांबतो, हा विचार त्या दरपत्रकात आहे. असले आकडे तांत्रिक दिसतात. प्रत्यक्षात ते समूहाचे नियमच असतात.

मालक नसलेले गाव

अर्पानेटवर प्रवेश संरक्षण खात्याशी संबंध असलेल्या संस्थांनाच. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाचे टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे विद्यार्थी त्याबाहेरचे. १९७९ मध्ये त्यांनी, आणि शेजारच्या विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविन यांनी, साध्या टेलिफोनवरून संगणकांनी एकमेकांना हाक मारायची आणि नवे लेख देवाणघेवाण करून घ्यायचे, अशी व्यवस्था बसवली. तिचे नाव युजनेट. गरिबांचे अर्पानेट असे तिचे वर्णन तिच्या कर्त्यांनीच केले होते.

युजनेटला मध्यवर्ती कचेरी नव्हती. लेख एका यंत्राकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असा जाई आणि प्रत्येक ठिकाणी त्याची प्रत राही. लेखाच्या शिरोभागी एक ओळ असे. तो कोणकोणत्या यंत्रांतून प्रवास करीत आला त्यांची नावे तिच्यात क्रमाने येत. एकाच यंत्राकडे लेख दोनदा जाऊ नये, ही तिची तांत्रिक गरज. पण वाचणाऱ्याला त्यातून बातमीची वाट दिसत असे. ही ओळ ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

मालक नसला तरी बिल भरणारे होतेच. थोड्या मोठ्या संस्थांची यंत्रे बहुतेक वाहतूक ओढत. त्यांचे व्यवस्थापक 'बॅकबोन', म्हणजे कणा, म्हणून ओळखले जात. १९८६-८७ मध्ये त्यांनी सगळ्या चर्चागटांची नव्याने सात विभागांत मांडणी केली : संगणक, विज्ञान, समाज, करमणूक वगैरे. भांडकुदळ विषय 'टॉक' या वेगळ्या विभागात ठेवले, जेणेकरून समुद्रापार टेलिफोनचा खर्च सोसणाऱ्या युरोपातल्या यंत्रांना ते सहज वगळता यावेत. वर्गीकरण वरवर ग्रंथपालाचे होते, आतून हिशेबनिसाचे. या मंडळींना लोक 'कंपू' म्हणू लागले. त्यावर 'कंपू वगैरे काही नाही' हे उत्तर इतके ठरून गेले की तोच एक विनोद झाला.

बंडही लगेच झाले. ब्रायन रीड यांच्या पाककृतींच्या गटाचे नाव या मांडणीत बदलले होते आणि ते त्यांना रुचले नव्हते. जॉन गिलमोर यांना अमली पदार्थांविषयी मोकळी चर्चा हवी होती. १९८७ मध्ये त्यांनी आणि सोबत्यांनी कण्याला वळसा घालून 'ऑल्ट' नावाची वेगळी शाखा काढली. तिथे गट काढायला परवानगी लागत नसे. मुख्य शाखांत मात्र पुढे रीतसर मतदान रूढ झाले : नव्या गटासाठी होकार नकारांपेक्षा किमान शंभराने जास्त हवेत आणि एकूण मतांच्या दोन तृतीयांश हवेत. मतदारयादी नाही, निवडणूक आयोग नाही, तरी लोक हे मानत होते.

हे मानणे कशावर उभे होते, ते १९९३-९४ मध्ये कळले. तोवर दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी यायचे, महिनाभर गोंधळ घालायचे, जुने लोक त्यांना रीत शिकवायचे आणि ऑक्टोबरात शांतता व्हायची. मग अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी आपल्या लाखो ग्राहकांना दार उघडून दिले. येणाऱ्यांचा ओघ थांबेना आणि शिकवणारे थकले. त्या काळाला 'न संपणारा सप्टेंबर' असे नाव पडले. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातल्या एका वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात साडेपाच हजारांहून अधिक गटांत एकदम टाकली. लोक संतापले, असा मजकूर आपोआप रद्द करणारे कार्यक्रम लिहिले गेले. तांत्रिकदृष्ट्या त्या वकिलांनी काहीच मोडले नव्हते. मोडला होता तो संकेत, आणि संकेताला पहारेकरी नव्हता.

जादूगारांचा राजीनामा

याच सुमारास पालो ॲल्टोतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी 'लॅम्डामू' नावाचे एक शब्दांचे घर चालवले होते. १९९० मध्ये सुरू झालेल्या या घरात चित्र नव्हते. दिवाणखाना, बाग, माजघर सगळे वर्णनांत. जगभरातली माणसे टोपणनावाने तिथे येत, खोल्या बांधत, गप्पा मारत. व्यवस्था पाहणाऱ्यांना 'जादूगार' म्हणत. भांडणे वाढली तेव्हा डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी जाहीर केले की, यापुढे जादूगार फक्त यंत्राची देखभाल करतील. सामाजिक निर्णय समाजाने घ्यावेत.

तीन-चार महिन्यांनी, मार्च १९९३ मध्ये, 'मिस्टर बंगल' या नावाने वावरणाऱ्या एकाने दिवाणखान्यात, सर्वांदेखत, एका युक्तीने इतर पात्रांच्या नावे अश्लील आणि हिंसक कृत्यांची वर्णने उमटवली. ती पात्रे चालवणाऱ्यांना ते थांबवता आले नाही. शब्दच होते, पण ज्यांच्या नावावर ते उमटले त्यांना झालेला त्रास शब्दांपुरता नव्हता. त्याला कायमचे काढा, अशी मागणी झाली. सभा भरली, तासन् तास चालली. शिक्षा द्यायची तर कोणत्या कायद्याने, हा प्रश्न सुटेना. सभा निर्णयाविना उठली आणि त्या रात्री एका जादूगाराने, एकट्याने, बंगलचे खाते मिटवून टाकले. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्या डिसेंबरात 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये ही हकीकत लिहिली, आणि आजही ती अभ्यासली जाते.

पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. या प्रकरणानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. लोकांनी नियम केले, तंटे सोडवायला लवाद नेमले, लवादांविरुद्ध तक्रारी केल्या. मे १९९६ मध्ये जादूगारांनी दुसरे निवेदन काढले : तंत्र आणि समाज वेगळे ठेवता येत नाहीत, आम्ही निर्णय घेतच होतो, आता उघडपणे घेऊ. लोकशाहीचा हा पराभव, असे काहींनी म्हटले. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्याच्या हातात कळ आहे तो तटस्थ असू शकत नाही, ही कबुली तिथे जाहीरपणे, लेखी दिली गेली. त्यानंतर आलेल्या फार थोड्या चालकांनी तेवढा प्रामाणिकपणा दाखवला आहे.

मराठी कट्टे

भारतात शैक्षणिक जाळ्याची सुरुवात १९८६ च्या अर्नेट प्रकल्पाने झाली. मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था आणि पवईची आयआयटी त्यात आघाडीवर होत्या. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून. त्याआधीच अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणारी मराठी मुले युजनेटवरच्या भारतीय गटांत रोमन लिपीतून मराठी लिहीत होती. १९९६ मध्ये 'मायबोली' सुरू झाली, २००४ मध्ये 'मनोगत', २००७ मध्ये 'मिसळपाव'. मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३ चा.

या ठिकाणांनी मराठीला नवे व्यवहाराचे शब्द दिले. 'धागा', 'प्रतिसाद', 'खरडवही', 'व्यनि' हे शब्द कोणत्याही परिभाषा समितीने घडवलेले नाहीत. 'दिवे घ्या' किंवा 'ह. घ्या.' असे वाक्याशेवटी लिहून टोमण्याची धार काढायची रीतही तिथलीच. चेहरा दिसत नसताना विनोद कळावा कसा, यावर काढलेला तो देशी तोडगा. मनोगतावर शुद्धलेखन तपासणारी सोय होती, म्हणजे तिथल्या चालकांनी भाषेविषयीचा आपला आग्रह यंत्रातच बसवला होता. त्यावर भांडणे झाली. जात, आरक्षण, शुद्धलेखन, बनावट आयडी, संपादकांची कात्री, सगळ्यावर झाली. रागावून माणसे उठली आणि त्यांनी दुसरे संकेतस्थळ काढले. आपल्या नाट्यसंस्थांचा आणि नियतकालिकांचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. महत्त्वाचे एवढेच की, धोरणावरचा वाद त्याच जागी, सगळ्यांसमोर होत असे, आणि किल्ली ज्याच्याकडे होती त्याला नावाने विचारता येत असे.

वाट पुसलेली बातमी

अफवेला इंटरनेट लागत नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता टेलिफोनवरून एका दिवसात देशोदेशी पोहोचली होती. पण टेलिफोन करणाऱ्याला प्रत्येक घरी स्वतः बोलावे लागे आणि ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याचा आवाज ओळखू येई.

व्हॉट्सॲप २००९ मध्ये निघाले. गटांची सोय २०११ ची. गटाची मर्यादा २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ मध्ये १,०२४. एक निरोप एका वेळी अडीचशे ठिकाणी ढकलता येत असे. ढकललेल्या निरोपावर मूळ लेखकाचे नाव राहत नाही, वाटेत कोणाच्या हातून आला तेही नाही. युजनेटची ती वाट दाखवणारी ओळ इथे मुळातच नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या दिवसांत सर्वत्र पसरले होते. देशभर फिरणारी एक चित्रफीत तर कराचीत बालसुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीचा कापलेला तुकडा होती. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. भटक्या माणसाविषयीचा संशय गावात फार जुना आहे. गुन्हेगार जमातींच्या इंग्रजी कायद्याने तो पक्का केला. मारणारे हात माणसांचे होते. तो दोष यंत्रावर ढकलून चालणार नाही. पण जुन्या संशयाला रोज नवा पुरावा पुरवणारी, आणि पुराव्याचा उगम पुसून टाकणारी सोय यंत्राने दिली होती.

त्याच जुलैत कंपनीने 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप ढकलता येईल, असे जाहीर केले. जानेवारी २०१९ मध्ये ती मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या निरोपासाठी ती एकावर आली. अडीचशेचे पाच करणे हा काही किरकोळ तांत्रिक फेरफार नव्हे. कोट्यवधी लोकांच्या बोलण्यावरचा तो कायदा आहे, आणि तो जिथे ठरला त्या खोलीत आपल्यापैकी कोणी नव्हते.

मग गटाच्या ॲडमिनचे काय? गोंदियातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निकाल दिला की, सामायिक हेतू दिसत नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. सभासद घेणे आणि काढणे एवढाच त्याचा अधिकार, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले. निकाल न्याय्य आहे. पण त्यातून चित्र स्पष्ट होते : ॲडमिनकडे दाराची किल्ली आहे, घराची नाही.

त्याच वर्षी केंद्र सरकारने नवे नियम करून निरोपाचा पहिला कर्ता शोधून देण्याची सक्ती घातली आणि कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. बातमीची वाट दिसायला हवी, हे राईनपाड्यानंतर नाकारणे कठीण आहे. मात्र युजनेटवरची वाट सर्व वाचकांना सारखीच दिसत होती. ती फक्त सरकारला दिसावी, ही मागणी वेगळी आहे. तिच्यात अफवा पसरवणारा सापडेल तसा गाऱ्हाणे मांडणाराही सापडेल.

बर्कलेच्या दुकानापासून आतापर्यंत समूह लाखो पटींनी वाढले, आणि नियम करणारी जागा त्यांच्यापासून दूर गेली. तरी अगदीच हातावर हात ठेवून बसावे असे नाही. सोसायटीचा गट असो, माजी विद्यार्थ्यांचा असो की भजनी मंडळाचा, पन्नास माणसांना एकदा बसून चार ओळी लिहिता येतात : आलेल्या निरोपाबरोबर तो कुठून आला ते सांगायचे, खात्री नसेल तर पुढे पाठवायचे नाही, एखाद्याला काढायचे तर कारण सर्वांसमोर द्यायचे, ॲडमिन दरवर्षी बदलायचा. अशी घटना लिहिण्यात आपल्याला दीडशे वर्षांचा सराव आहे. तो कागद आपण फोन हातात आल्यावर खाली ठेवला, एवढेच.